मॅडमच्या सर्व्हरवरचा हार

हो, सर्व्हरवरचा हार मीच काढला.

ग्रुपवर संध्याकाळपासून "कोणी केलं हे?" चाललंय, म्हणून इथे उघड लिहिते. चोरून नाही केलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर केलं.

आज इंगळे मॅडमना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅडम बुलढाण्यात आमच्या कॉलेजात लिनक्स, म्हणजे कंप्युटर चालवणारी मूळ प्रणाली, शिकवायच्या. नुसतं वापरायला नाही. त्याच्या पोटात, कर्नलमध्ये, आपला कोड कसा घालायचा ते. "हे शिकायचं तर पुण्याला जा" असं जिथे प्रत्येक जण फुकटात सांगतो, तिथे.

कर्नलमधला कोड चुकला की नुसता प्रोग्राम बंद पडत नाही, अख्खं मशीन आडवं होतं. म्हणून मॅडमनी दोन मशीनं लावली. एकावर कोड लिहायचा, दुसऱ्यावर चालवून बघायचा. दुसरं म्हणजे हा सर्व्हर. भंगारातून निवडलेला, अकोल्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. दोघांमध्ये एक केबल, म्हणजे सर्व्हर पडताना काय म्हणाला ते पहिल्याच्या स्क्रीनवर दिसतं.

तो पाडण्यासाठीच आणला होता हो!

माझा पहिला दिवस आठवतो. मोताळ्याहून आलेली मी, घरी टीव्हीच्या रिमोटलाही "राहू दे, बिघडवशील" ऐकत वाढलेली. हात मागे बांधून उभी.

"काऊन भेते?"

"मॅडम, बिघडलं तर?"

"बिघडव ना मंग. पहिले पाडून दाखव, मंग शिकवीन तुले."

पाडला. मी रडकुंडीला आले.

मॅडम हसल्या. "मरता मरता काय बोलला थे वाच ना बे."

त्या दिवसापासून माझी भीड चेपली ती कायमची. घरच्यांनी आणलेल्या स्थळाला नकार देतानाही जीभ अडखळली नाही.

आणि मॅडम गेल्यावर आपल्या लोकांनी काय केलं?

सर्व्हर बंद केला. वर पांढरा कपडा, त्यावर हार, पुढे उदबत्ती. भिंतीवर पाटी, "हात लावू नये". आता काचेची पेटीही येऊन पडली होती.

त्याच लॅबमध्ये आता मी शिकवते. पोरी येतात, पाटी वाचतात, परत जातात. जी बाई जन्मभर "हात लाव" म्हणाली, तिच्याच नावाने ही पाटी! मला वर्षभर नुसता संताप येत होता.

आज मॅडमच्या घरी जेवण झालं आणि आम्ही सगळे लॅबमध्ये आलो. मी हार काढला. माझा वर्गमित्र दिलीप भडकला.

"आता सगळं व्हर्च्युअल मशीनवर होते, कंप्युटरातच नकली कंप्युटर. हा डबा कायले पाह्यजे? मॅडमची निशाणी आहे थे!"

"चित्रातल्या विहिरीत पोहणं शिकतात का रे?"

"अन् पडला, मंग उठलाच नाही त?"

त्याचं चुकत नव्हतं. जुना जीव, त्यात वर्षभर बंद.

सगळे काकांकडे बघायला लागले. काका म्हणजे मॅडमचे मिस्टर. त्यांनी तो पांढरा कपडा काढला, नीट घडी घातली.

"घरी मिक्सर बिघडला त तुमची मॅडम मलेच खोलाले लावे. म्हणे, मी काय जन्मभर पुरीन का तुमाले? लावा बाई चालू."

चालू झाला. त्याच्या पंख्यातून उदबत्तीची राख उडाली.

पहिल्या वर्षाची साक्षी बसली. मुद्दाम चुकीचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये घालायचा कोडचा तुकडा, लिहिलं, कंपाईल केलं, लोड केलं. सर्व्हर आडवा! इकडच्या स्क्रीनवर भराभर ओळी आल्या. साक्षी त्या मोठ्याने वाचायला लागली. आणि दिलीपसाहेब? तिच्या खांद्यावरून वाकून चूक शोधत होते.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता बटण दाबायचं."

काकांनीच दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग पंखा खरखरला, आणि काका भिंतीकडे तोंड करून रडले.

सर्व्हर उद्यापासून सगळ्यांसाठी खुला आहे. पाटी मी काढलीये. काचेची पेटी कोणाला हवी असेल तर घरी न्या, लोणच्याच्या बरण्या ठेवा.

मॅडम, तुम्ही निवांत जा. पोरी तो रोज पाडतील, आणि रोज उभा करतील.