निघताना ‘येतो’ म्हणाला

खोर फक्कानच्या मागे, ओमानच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात लियाकत परकार शेतीचा सल्लागार म्हणून आला, तेव्हा वर्षभर टिकलो तरी खूप, असं त्याला वाटलं होतं. दाभोळचा माणूस; इथे सावलीसुद्धा दगडाचीच. पण ओढ्यांवर बांध पडले, पाणी अडलं, लिंबं धरली. आणि सुट्टीला शहरात, अल नहदाच्या फ्लॅटवर आला की तो बायकोशी, सायराशी, त्या दरीबद्दलच बोलू लागला.

आता योजना संपली. पुढची नेमणूक शहरातच, अल बर्शाच्या ऑफिसात, एसीत.

शुक्रवारी सकाळी तो अबू फैजचा निरोप घ्यायला गेला. पहिला बांध या म्हाताऱ्याच्याच बागेतला.

“मुस्तशार,” म्हातारा त्याला सल्लागार म्हणूनच हाक मारी, “पहिल्या दिवशी माझ्या खजुराला नारळ समजून पाणी पाजलं होतंस!”

दोघं पोटभर हसले. मग लियाकत उठला. निरोपाचं रोजचं ‘फी अमानिल्ला’ त्याच्या तोंडून फुटेना. दाभोळहून निघताना आईला म्हणायचा, तेच अरबीतून निघून गेलं, “येतो.”

जुम्म्याची नमाज आटोपून तो घरी पोचतो, तोच अबू फैजच्या मुलाचा, फैजचा फोन. “लियाकतभाई, किधर हो? बाबा खाना नहीं खाते. बोलते हैं, मुस्तशार आ रहा है. बकरा भी काट दिया!”

सायराला हसू आवरेना. “अहो, आपलं ‘येतो’ त्यांना कसं कळणार? सांगा, आमच्यात जाताना असंच म्हणतात.”

“जस्ट टेल हिम, अब्बा,” लेक अरफा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. “प्रोजेक्ट इज ओव्हर.”

लियाकतने फोनवर तळवा दाबला. सांगायचं म्हणजे ‘जातो’ असं सांगायचं. आई गेल्यापासून जेवण अडवून त्याची वाट कुणी बघितली नव्हती. सायरा-अरफा वेळेवर जेवून घेत. त्यांचं तरी काय चुकलं?

“रस्ते में हूँ,” तो फैजला म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

सायराने गॅस बंद केला. “थांबा, मीही येते. एवढी वर्षं त्या दरीबद्दल ऐकतेय, सवत दिसते कशी ते तरी बघू.”

लिफ्टमध्ये ती हळूच म्हणाली, “संध्याकाळी निघताना मग काय म्हणणार?”

“ते तू म्हण,” लियाकत म्हणाला. “माझ्याच्याने नाही व्हायचं.”