न पाहता सांगितलेलं सॉकेट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात होतो. "तुमचे दादा गेले, भाऊजी," वहिनी म्हणाली. त्याच्या छातीत दुखलं, तेवढ्यात सगळं संपलं. लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात आधी आलं... सुटलो. आता सांगावं लागणार नाही.

दिवाकरदादा माझा मावसभाऊ, तिरोड्याचा. जंगलखात्यात वायरलेस ऑपरेटर. दरेकशाच्या डोंगरातून तुटत आलेला अर्धा शब्दही तो ओळखायचा. निवृत्तीनंतर त्यानं कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ रिसीव्हर मागवला. सकाळी हौशी लोक शॉर्टवेव्हवर गप्पा मारतात, त्यात त्याचे जुने सोबतीही असत. त्यांचं बोलणं त्याला ऐकायचं होतं. खात्यात अँटेना बसवूनच मिळायचा, इथं सगळं आपल्यालाच पाहायचं, म्हणून मला बोलावलं. रिसीव्हरसोबत आलेली अँटेनाची वीतभर दांडी शॉर्टवेव्हला पुरणार नाही, लांब तार लागेल, हे मीच सांगितलं आणि ते बरोबरच होतं. छतापासून कडुनिंबापर्यंत आम्ही तार ताणली. रिसीव्हरला सॉकेट दोन, एक शॉर्टवेव्हचं, दुसरं एफएमसारख्या लहरींचं. अक्षरं मुंगीएवढी. दादाला मोतीबिंदू, म्हणून त्यानं मला वाचायला सांगितलं. माझा चष्मा घरी होता, आणि तो लागतो हे मला कबूल करायचं नव्हतं. शॉर्टवेव्हचं डावं, म्हणालो.

"पाहून सांगून राहिला न?"

"हो दादा."

मग नुसती खरखर. तार उंच केली, दिशा बदलली, विजेच्या मोठ्या तारांना शिव्या दिल्या. घरातले पंखे बंद करून ऐकलं, तेव्हा वहिनी म्हणायची, तुमच्या रेडिओपायी आम्ही घामानंच मरू. सॉकेटवर त्यानं कधी संशय घेतला नाही. ते मी पाहिलं होतं ना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुसट रेघा उमटायच्या, म्हणजे कुणीतरी बोलत होतं. त्याला धीर यावा म्हणून मी म्हणायचो, मला येतंय थोडं ऐकू. येत नव्हतं. एकदा हेडफोन काढून तो म्हणाला, "तुले येते, मले नाही. माहे कानच गेले रे." मशीन कपाटात गेलं. हळूहळू सोबत्यांचे फोन घेणंही त्यानं सोडलं. पुढं घरी एकदा या रिसीव्हरबद्दल वाचताना मला चूक कळली, शॉर्टवेव्हचं सॉकेट उजवं होतं. भेटल्यावर सांगू म्हटलं, आणि भेटायला जाणंच कमी केलं.

तेरवीनंतर वहिनीनं मशीन काढून दिलं, घेऊन जा म्हणाली. मी चष्मा लावला, तिथंच तार उजव्या सॉकेटला जोडली. कुणीतरी हिंदीत धानाच्या रोवणीबद्दल बोलत होतं, अगदी स्वच्छ. मी वहिनीला सगळं सांगून टाकलं.

"त्यायचे कान तं खराबच होते," ती म्हणाली. "मी हाका मारू, तं ओ नाही देत."

मला वाचवायला म्हणाली की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. ऐकू न येणारा आणि उत्तर द्यायचं सोडलेला माणूस, बाहेरून सारखेच दिसतात...

ती मशीनजवळ सरकली. मग विचारलं, "हे त्यायले ऐकू आलं असतं का?"

'हो' ओठांवर आलं होतं, 'नाही'सुद्धा.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो.