पुस्तकात तो परत येत नाही

सुभेदार नाना रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही उत्तर द्यायचे. सैन्यात सारी नोकरी वायरलेसवर गेलेली. मोबाइलमधून पुस्तक वाचणारा माणूस वाक्य संपवून क्षणभर थांबला, की नाना मान हलवून म्हणत, "समजलं. पुढं बोल."

वडूजच्या शाळेत बदली झाल्यावर मी त्यांच्याच घरात भाड्याने राहिले. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष व्यापारी जहाजावर नोकरीला होता. एका सकाळी तो जहाजावर सापडलाच नाही. समुद्रात शोध झाला, कंपनीने 'बेपत्ता' असे कळवले. नानांनी तेवढा एकच शब्द धरून ठेवला. घरात दिवस घातले नाहीत, कुणाला सांत्वनाला बसू दिले नाही. कुणी गहिवरून बोलू लागले, की म्हणत, "बेपत्ता हाय त्यो. सापडंल."

नानांच्या पत्नी, काकू, त्यांच्यापुढे कधी डोळे पुसत नसत. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "मला रडायचीबी चोरी हाय, बाई."

काचबिंदूने नानांची नजर पार जायच्या आधी मी दोघांना साताऱ्याला एक सिनेमा दाखवायला नेले. इंग्रजी सिनेमा, हिंदीत बोलणारा. दुरुस्तीसाठी यानाबाहेर पडलेला एक तरुण अंतराळात भरकटतो आणि त्याचा कॅप्टन त्याला शोधत राहतो. शेवटी तो सापडतो. नाना पहिल्या रांगेत, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसले होते. परतताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी सांगितले, "घावला बगा! एवढ्या आभाळात घावला!"

पुढे डोळे गेले. ज्या कादंबरीवरून तो सिनेमा काढला होता, ती मराठीत ऐकायला मिळते हे कळल्यावर मीच हौसेने ती त्यांना लावून दिली. शाळा सुटल्यावर रोज एक प्रकरण. नाना बाजेवर ताठ बसून ऐकत. कॅप्टन शोधाची दिशा बदलायचा, तेव्हा म्हणत, "बराबर करतोय गडी."

मी मात्र रात्री माझ्या खोलीत पुढची प्रकरणे ऐकून टाकली. पुस्तकात तो सापडत नाही. इंधन संपत आल्यावर कॅप्टन यान माघारी वळवतो.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, "नाना, हे जरा रटाळ होत चाललंय. दुसरं लावू का?"

त्यांनी विचारले, "मरतो का ह्यात त्यो?"

मला खोटे बोलता आले नाही. "सापडत नाही, नाना."

"लाव."

मी लावले. काकू उंबऱ्यात ज्वारी निवडत होत्या. कॅप्टन तरुणाला शेवटची हाक घालतो, वाट पाहतो आणि आपल्या हाताने रेडिओ बंद करतो. वाचणारा थांबला. नानांनी या वेळी 'पुढं बोल' म्हटले नाही. हाताने चाचपत त्यांनी मोबाइल शोधला आणि माझ्याकडे सरकवला.

"आगं, ऐकलंस का," ते काकूंना म्हणाले, "संतूचं करून टाकू आता."

काकूंच्या हातातले सूप खाली पडले. मग त्या जे रडू लागल्या, ते शेजारच्या बायका धावत आल्या तरी थांबेना. नाना नुसते बसून होते.

माहुलीला नदीकाठी दर्भाचा पुतळा करून विधी झाला. नानांनी अग्नी दिला. माझ्या मनात होते, आता ते मोकळे होतील. पण ते अबोलच होत गेले. मी पुस्तक लावू का विचारले, की हातानेच नको म्हणत. त्याच हिवाळ्यात एका दुपारी झोपेतच गेले.

नंतर माझी सांगलीला बदली झाली. सामान आवरून निरोप घ्यायला गेले, तेव्हा काकू एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या.

"बाई, त्या पुस्तकातल्या कॅप्टनचं म्होरं काय झालं?" त्यांनी विचारले.

"पोचला तो घरी. बरीच वर्षं जगला."

"मग बोलला का कुणापाशी? त्या पोराबद्दल?"

"नाही, काकू. कुणापाशीच नाही."

"मी रडून तरी घेतलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तेवढं ऱ्हाऊन गेलं."