यमुताईंचं उतू गेलेलं दूध

आज राग इतका आहे की संध्याकाळची पोथी तशीच राहिली. आधी हे लिहिते, मग हातपाय धुऊन देवापुढे बसेन.

यमुताई माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. पंचावन्न वर्षांच्या, पण रांगोळी अर्धी टाकून उठतील, आरती संपेस्तोवर चारदा आतबाहेर करतील. एका जागी बसत नाही म्हणून लहानपणी दुसरीतूनच शाळा सुटली. लग्न होऊन रामटेकला गेल्या. तिथं रोज दूध उतू जायचं, म्हणून सासरच्यांनी एकोणिसाव्या वर्षी इथं महालात, माहेरच्या घरी आणून सोडलं. तेव्हापासून आमच्या चुलीलाही हात लावायची बंदी.

आता माझी चारुशीला, तिसरीतली. वाक्य अर्धं लिहून खिडकीशी पळते. हेडबाईंनी बजावलं, डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर मुलगी घरी ठेवा.

सासूबाई म्हणाल्या, "ठेव घरी! पोटुशी असतांनी तूच ग्रहणात भाजी चिरली असशील."

मी! ग्रहण सुटेपर्यंत थेंबभर पाणी न घेता जप करत बसलेली मी! त्या दिवशी लिहिलेल्या जपाची वही अजून ट्रंकेत आहे.

आज दवाखान्यात गेलो. चारू यमुताईंशिवाय हलत नाही, म्हणून त्याही आल्या. डॉक्टर म्हणाले, "ग्रहणाचा काही संबंध नाही. नाकडोळे येतात तसा हा चळवळेपणाही बरेचदा रक्तातून येतो. बाहेरदेशी यावर अभ्यास सुरू आहे. घराण्यात आधी कोणी असं होतं?"

सासूबाई फटकन बोलल्या, "आमच्यात? कोणीच नाही. सुनेच्या माहेरचं असंल."

यमुताई तोवर दोनदा उठून पुन्हा बसल्या होत्या. तिसऱ्यांदा उठल्या त्या बसल्याच नाहीत.

"काहून खोटं बोलून राहिली वं वहिनी? मी काय मेली? मले शाळेतून काढलं, नवऱ्यानं टाकलं, तू चुलीले हात लावू देत नाही. लिहा डॉक्टरसाहेब, यमुना. या पोरीची आजी!"

डॉक्टरांनी लिहिलं: समोरच्या बाकावर बसवा, अभ्यास थोडा थोडा द्या, मधून उठू द्या. ही खोडी नाही.

छत्तीस वर्षांत यमुताई अशा का, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही. त्याचा राग सगळ्यात जास्त.

घरी येऊन मी यमुताईंना दूध तापवायला बसवलं. सासूबाई ओरडल्या. दूध उतू गेलं. मी ओटा पुसला आणि पुन्हा पातेलं त्यांच्याच हाती दिलं.

चिठ्ठी चारूच्या दप्तरात ठेवली आहे. उद्या तिला शाळेत पोचवायला यमुताई जातील.