ताटलीची हाक

आमची खोली जुन्या जेलच्या भिताडाला चिकटून हाय. मधी बोळ बी न्हाय. आमची मागची भिंत म्हंजी जेलचीच भिंत, काळा दगुड, आन त्याच्यात पिंपळाची मुळं घुसलेली. म्हनूनच भाडं कमी. आमचे हे पहिल्या दिवशी म्हनले, “भिंत कशी हाय बघ, तोफ लागली तरी हलायची न्हाय.” मी म्हनलं, “आन आत काय हाय?” ते म्हनले, “आत काय असनार, मोकळं हाय.” आन दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन गेले. ते ट्रकवर असतेत. घरी येतेत तवा निस्तं झोपतेत.

मी दुधनीकडची. माहेरी घरात कन्नड, शाळेत मराठी, ती बी सातवीपतूर. सोलापुरात आमच्या गल्लीत समद्या बायका तेलुगू बोलतेत. त्या चांगल्या हायत, मराठी येतं त्येंला, पर आपसात बोलाया लागल्या की मी निस्ती त्येंच्या तोंडाकडं बघत बसायची. हसल्या की हसायची.

तवा पोरगी रांगत व्हती. आलो त्याच आठवड्यात संध्याकाळी ती उंबऱ्याच्या भाईर चालली म्हनून मी चुलीपासनं मोठ्यानं हाक मारली, तिचं नाव घेऊन. तर भिताडाच्या पल्याडनं कोनतरी तेच नाव घेतलं. हळू, माझ्याच मागनं. माझ्या हातातनं पीठ सांडलं. पोरीला उचललं आन पळत शेजारच्या अक्काकडं गेले. अक्का विड्या वळत व्हती, सूप मांडीवर तसंच. मी सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

“नाव घेतली? दिवे लागल्यावर?”

“व्हय.”

“तुला कोन सांगितला न्हाय? हितं पोरांना नावानं बोलवायचा न्हाय. आत ऐकतेत.”

मग तिनं सांगितलं. पूर्वी आत रोज संध्याकाळी कैद्यांची हजेरी व्हायची. शिपाई नाव घ्यायचा, कैदी ‘हजर’ म्हनायचा, आन मग कुलूप. कितीतरी जन आतच मेले, कुनी फाशी, कुनी तापानं. पुढं जेल बंद झालं, शिपाई गेले, पर हजेरी द्यायची ऱ्हायलेले आत तसेच हायत. संध्याकाळी कुनाचं बी नाव ऐकलं की त्येंला वाटतं आपलीच हजेरी चाललीय. मग ते ते नाव धरून भाईर येतेत.

म्हनून आमच्या गल्लीत दिवेलागणीला ताटल्या वाजतेत. परत्येक घराची आपली आपली. अक्काची परात, ती ढोलासारखी. कोपऱ्यावरच्या घरात कुकरचं झाकन. आन माझी जर्मनची, म्हंजी अल्युमिनची ताटली, चमच्यानं वाजवायची, टिन टिन टिन. पोरं आपापल्या आवाजाला बरोबर घरी येतेत, चुकत न्हाईत. नवीन मानूस बगून हसतंय. मला कदी हसू आलं न्हाय.

नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय हे मला आईनं शिकिवलं व्हतं. पोरीचं बी घ्यायचं न्हाय हे हितं आल्यावर कळलं. बाकीच्या बायका दिवसभर पोरांच्या नावानं ओरडायच्या, निस्ती संध्याकाळ पाळायच्या. मी मातर दिवसा बी सोडलं. माझं नाव आत ऐकू गेलेलं, न्हवं, माझ्या पोरीचं. मला वाटायचं आता ते आतला कोन तरी पाठ करून बसलाय. आपन घेतलं की तो उठनार. म्हनून मी तिला ताटलीनंच बोलवायची. जेवायला टिन टिन, आंघोळीला टिन टिन. आन बोलायचं तरी काय, दिवसभर खोलीत मी आन ती. मी चादरीच्या दशा वळत बसायची, ती त्या धाग्यात खेळायची. टीव्ही न्हवता. खोलीत बोलनं व्हायचं ते एकच, दुपारी आईचा फोन यायचा तवा. मी फोन कानाला लावला की “अव्वा!” म्हनायची. आमच्यात आईला अव्वा म्हनतेत. मग रडू यायचं म्हनून जास्त बोलायची न्हाय, व्हय व्हय करून ठिवून द्यायची.

पोरगी चालाया लागली, पळाया लागली. दुसरा उन्हाळा आला. पर बोलंना. एक शब्द न्हाय. अंगनवाडीतल्या ताईंनी एकदा मागनं तिला नावानं हाक मारली. तिनं वळून बघितलं न्हाय, खिचडी खात ऱ्हायली. पुन्यांदा मारली. न्हाय.

“ऐकू येतं का हिला?”

“येतं की ताई, ताटली वाजली की येती.”

“मोठा आवाज येत असंल. बोलनं येत नसंल. कान तपासून घ्या.” आन मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तितली तारीख लांबची मिळाली.

घरी आले. ह्यांना फोन केला तर गाडीचा आवाज, ते म्हनले, “लहान हाय, बोलंल. आमचा चुलता पाच वर्साचा व्हईपतूर बोलला न्हवता.” अक्का म्हनली, “कानाचा न्हाय हे. नाव आत गेला ना, तवाच वाचा गेली.” ती माझ्या काळजीनंच म्हनली, पर मी घरी येऊन दार लावलं आन त्या भिताडाला कान लावून बसले. ऐकू काय येनार. दगुड गार लागला, एवढंच. माझ्या पोरीचा आवाज ह्याच्या पल्याड हाय, असं डोस्क्यात बसलं ते बसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. मी भाकरी टाकत व्हते. भाईर ताटल्या सुरू झाल्या म्हनून मी बी माझी घिऊन दारात आले. टिन टिन टिन. पोरगी आली न्हाय. परत वाजवली. गल्लीतली पोरं एकेक घरात शिरली, गल्ली मोकळी झाली, आन माझी पोरगी कुटंच न्हाय.

“मांजराच्या मागं गेली,” अक्का पलीकडनं म्हनली, आन तिचं तोंड पडलं. “खिंडाराकडं.”

भिताडाला तितं एक खिंडार हाय, मोठं मानूस वाकून जाईल एवढं. मी पळाले. हातात ताटली तशीच, चमचा तसाच, तव्यावर भाकरी. खिंडारापाशी बायका गोळा झाल्या. आत कोनी जाईना. एक म्हनली बॅटरी आना, एक म्हनली गडीमानूस येऊ दे. आन समद्या आपापल्या ताटल्या वाजवाया लागल्या, पोरगी भाईर यावी म्हनून, जीव खाऊन वाजवत व्हत्या. मला अजून वाईट वाटतं, त्या माझ्या मदतीलाच वाजवत व्हत्या, आन त्याच्यातच माझी ताटली हरवली. माझी मलाच ऐकू येईना, तिला काय येनार.

मी वाकले आन आत गेले. कशी गेले ठाऊक न्हाय. आत अजून उजेड व्हता, संध्याकाळचा, तांबडा. वेडी बाभळ, कुसळं, आन पुढं खोल्यांची लांब रांग, दारं काढून नेलेली, निस्ते चौकोनी अंधार. वटवाघळांचा वास. मांजर न्हाय, पोरगी न्हाय. मी मागं वळून ओरडले, “थांबा की गं, आयांनो! थांबा!”

परात थांबली, मग झाकन थांबलं, मग समदं गप. तसली शांतता मी गावाकडं बी ऐकली न्हवती.

मग माझ्यापाशी काय ऱ्हायलं? ताटली व्हती. पर कुटल्या अंधारात वाजवू, मघाशी ताटलीला ती आलीच न्हवती. मी डोळं मिटलं आन तिचं नाव घेतलं. पहिल्यांदा तोंडातनं फुटलंच न्हाय. दुसऱ्यांदा ओरडले.

जेलनं ते नाव परत घेतलं. एका खोलीनं, मग पल्याडच्या खोलीनं, मग लांब कुटंतरी. मी खालीच बसले. मला वाटलं समदे उठले, आता हजर म्हनतेत.

तर कोनीतरी हसलं. बारीक. खळखळून.

रांगेतल्या एका दारातनं पोरगी भाईर आली. केसात कुसळं, हात काळे. ती माझ्याकडं बघत न्हवती, वर बघत व्हती, आवाज गेला तिकडं. तिला पायजे व्हता तो आवाज परत. तोंड उघडं ठिवून वाट बघत ऱ्हायली. मग तिनं सोताच पोट आत घेतलं आन ओरडली,

“अव्वा!”

आन जेल म्हनलं, अव्वा, अव्वा.

ती टाळ्या वाजवाया लागली. मी तिला उचललं आन पळाले, चप्पल आतच ऱ्हायली, ताटली बी. ती अजून तितंच हाय. खिंडारातनं भाईर पडताना तिनं माझ्या कानात परत म्हनलं, अव्वा. फोनवर मी म्हनते तसंच, तसाच सूर, शेवटी रडवेला.

बायका मला धरून धरून बघत व्हत्या. एकीनं विचारलं, “कोनी हजर म्हनला काय गं?” दुसरी म्हनली, “गप बस, आदी पानी आन.” अक्कानं पोरीला घेतलं आन म्हनली, “दोनदा नाव घेतली. आता काय राहिला.” मग पोरीनं तिच्या तोंडावर अव्वा म्हनलं. अक्कानं पोरीच्या केसातली कुसळं काढाया घेतली.

मला कळतंय, आमच्या गावच्या विहिरीत ओरडलं की विहीर बी ओरडायची. ल्हानपनी आमी तासनतास वाकून ओरडायचो. पर विहिरीचं मला भ्या न्हवतं, तितं कोनी मेलं न्हवतं. हितं कोन ओरडतं ते मी सांगू शकत न्हाय. मी आता दिवसा पोरीला नावानं बोलवते. ती वळून बघती. परत्येक वेळी आदी भिताडाकडं बघते, पर बोलवते. दिवेलागणीला मातर अजून ताटलीच, नवीन आनलीय. दवाखान्याची तारीख यायचीय, जानार हाय.

ह्यांना फोनवर सांगितलं तर त्येंचा विश्वास बसंना. “मग बोलू दे की तिला.” पोरगी फोन बघून गप. दोन दिवस तसंच झालं. “तुला एकटीला भास व्हतेत,” म्हनले.

मग एका दुपारी, चांगलं ऊन असताना, मी तिला कडेवर घिऊन खिंडारापाशी गेले. आत पाय टाकला न्हाय. फोन लावला आन पुढं धरला. पोरीनं आत बघितलं, तिला लगीच आठवलं.

“अव्वा!”

आतनं आलं, अव्वा.

फोनवरनं ते म्हनले, “आगं, दोन पोरी हायत व्हय तितं?”

“न्हाय ओ,” मी म्हनलं, “एकच हाय.”

ते हसले. मला वाटलं आता तरी म्हनतील की येतो, खोली बदलू, न्हायतर निस्तं विचारतील, तू आत गेलीस तवा तुला कसं वाटलं. माल उतरवायला हमाल आले म्हनून त्येंनी फोन ठिवला.

पोरगी खाली उतरायला बघत व्हती. मी तिला घट्ट धरून तितंच उभी ऱ्हायले. ती ओरडायची, थांबायची, ऐकायची, परत ओरडायची. तिला कुनीतरी उत्तर देत व्हतं. मला आदी तिला तितनं न्ह्यायचं व्हतं, पर न्हिऊन दिवसभर खोलीत कुनाशी बोलनार ती. म्हनून ऊन भिताडाच्या माथ्यावर जाईपतूर तिला ओरडू दिलं, आन मग गल्लीत पहिली परात वाजली तवा घरी घिऊन आले.