सातव्या प्रकरणाचा कौल

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं ती तिथे प्रुफं तपासत होती. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, हातात लाल पेन. चुकलेली वेलांटी दिसली की तिच्या कपाळाला आठी पडायची, मग लेखक कितीही मोठा असो. लोकांची पुस्तकं निस्तरता निस्तरता तिने स्वतःची कादंबरी लिहिली. तीन प्रकाशकांनी ती परत पाठवली. त्यातल्या एकाने ‘शुद्धलेखन उत्तम’ एवढाच अभिप्राय दिला. 

मग तिने ठरवलं, आता कुणाचे उंबरे झिजवायचे नाहीत. नवी कादंबरी लिहायची आणि दर रविवारी तिचं एक प्रकरण फोनवर, कुणालाही वाचता येईल असं, टाकायचं. खाली दोन बटणं. पुढे काय व्हावं ते वाचकांनी बटण दाबून सांगायचं, बुधवारी संध्याकाळी कौल बंद. ज्याला बोलायचं असेल त्याने तिथेच आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. पहिल्याच प्रकरणाच्या वर तिने लिहून टाकलं : तुमचा कौल मी मोडणार नाही.

गोष्ट होती लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती एका सकाळी घर सोडते आणि भाड्याच्या खोलीत राहायला जाते. सुरुवातीला मजा आली. खोलीला हिरवा रंग द्यायचा की पिवळा, यावर दीडशे माणसं भांडली. एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याने आवाज पाठवला, “बाई, आधी कॉलर, मग बाह्या. तुमची नायिका उलटं करतेय, शर्ट चुरगळेल.” तिने मुकाट्याने ते दुरुस्त केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं प्रूफ तपासलं होतं.

सहाव्या प्रकरणाच्या शेवटी नवरा लाँड्रीत येतो, सगळ्यांसमोर माफी मागतो. बटणं दोन : ‘परत जाते’ आणि ‘जात नाही’. मंगळवारपर्यंत ‘जात नाही’ पुढे होतं. बुधवारी दुपारी आकडे धावायला लागले. कौल बंद झाला तेव्हा परत जाण्याच्या बाजूने तीनशे अठरा मतं होती आणि विरुद्ध चौऱ्याहत्तर. एरवी दीडशेच्या वर कधी मतं पडत नसत.

संध्याकाळी मावसबहिणीने नातेवाइकांच्या ग्रुपवरचा एक मेसेज पाठवला. ‘आपल्या घराची बदनामी चालली आहे. सगळ्यांनी परत जाते दाबा, ओळखीच्यांनाही सांगा.’ पाठवणारे भाऊजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

कारण ती गोष्ट ताईची होती. एकोणीस वर्षांपूर्वी ताई एक पिशवी घेऊन माहेरी आली होती. आठवड्याने भाऊजी आले, डोळे पुसले. बाहेरच्या खोलीत काका, मामा, आत्या खुर्च्या मांडून बसले आणि ताईला परत पाठवायचं ठरवलं. धाकटी बहीण म्हणून वेलांटीबाईलाही विचारलं होतं.

तिने भाऊजींना फोन लावला.

“तुम्ही लोकांना मतं द्यायला लावलीत?”

“लावली. त्यात काय बिघडलं? तूच विचारलंस ना लोकांना?”

“मी वाचकांना विचारलं होतं.”

“आम्ही वाचक नाही? वाचलं म्हणूनच कळलं कुणाबद्दल आहे ते. आता दिलेला शब्द पाळ. तिला सुखाने घरी पाठव आणि विषय संपव.”

“सुखाने असं बटणावर लिहिलेलं नव्हतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात तिने लाल पेनाच्या एका फटकाऱ्यासरशी प्रुफाचा कागद फाडला. मालक म्हणाले, “एवढं काय, रद्द करून टाका तो कौल. खोटी मतं आहेत.”

“खोटी कशी? माणसं खरीच आहेत,” ती म्हणाली. “तेव्हाही हीच होती.”

दुपारची सुट्टी टाकून ती ताईकडे गेली. भाऊजी कामावर होते. ती ताईच्या उजव्या बाजूला बसली, कारण डाव्या कानाने ताईला ऐकू येत नाही. ताई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

“मीही दाबलं होतं,” ताई म्हणाली.

“काय?”

“जात नाही. दोनदा दाबून पाहिलं, दुसऱ्यांदा घेईना.”

“ताई, आता मला तिला परत पाठवावं लागणार. जसं झालं तसं लिहू?”

“सगळं लिही. त्या खोलीत कोण कोण होतं, तेही.”

“मीसुद्धा होते.”

ताईने चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. “मग तुला वगळून कसं चालेल?”

सातव्या प्रकरणात नायिका परत गेली. कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं आणि काय म्हणालं होतं, ते नात्यानिशी आलं. बावीस वर्षांची धाकटी बहीण दाराला टेकून म्हणाली, ‘जा ना ताई, ते एवढं म्हणताहेत तर.’ चार महिन्यांनी बसलेली थप्पड आली, आणि त्या दिवसापासून बंद झालेला कान. खाली या वेळी बटणं नव्हती. फक्त आवाज पाठवायची सोय होती.

आठवड्यात एकेचाळीस आवाज आले. काही शिव्या होत्या, त्यात एका काकांचाही आवाज होता. बाकी बहुतेक बायका. एक जण एवढंच म्हणाली, “माझ्या वेळी खुर्च्या पाच होत्या.” वेलांटीबाईने ते सगळं जेवणाच्या सुट्टीत, कानाला हेडफोन लावून ऐकलं. तिला रडू आलं नाही. राग मात्र रोज वाढत गेला, आणि त्या रागातच तिने पुस्तक पुरं केलं.

तिने ते छापायला दिलं तेव्हा मालक म्हणाले, घरची भांडणं आपल्या छापखान्यात नकोत. तिने लाल पेन त्यांच्या टेबलावर ठेवलं. “मग मी दुसरीकडे छापते, आणि उद्यापासून प्रुफंही तिकडचीच तपासते.” त्यांनी छापलं. तीनशे प्रती. सातव्या प्रकरणाच्या समासात छोटे चौकोनी कोड आहेत. त्यावर फोन धरला की बायकांचे आवाज ऐकू येतात; प्रत्येकीला विचारूनच ते घेतले. शेवटचा आवाज ताईचा आहे. तिने तो स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला. मध्येच भाऊजी विचारतात, “कुणाशी बोलतेयस?” ताई म्हणते, “पुस्तकाशी,” आणि पुढे सांगत राहते. भाऊजींचं ते वाक्य वेलांटीबाईने कापलं नाही.

भाऊजींनी वकिलाची भाषा केली, प्रती परत घ्यायला सांगितलं. तिने एकही परत घेतली नाही. नातेवाइकांच्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं.

ताईने मात्र घर सोडलं नाही. वेलांटीबाईला त्याचाही राग आला आणि तिने तो बोलून दाखवला. “एवढं सगळं केलं, आणि तू अजून इथेच?”

“आता तू पण कौल देऊ नकोस,” ताई म्हणाली.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी ती ताईकडे जाते. भाऊजी घरी असले तर पेपर उघडून बसतात. ती त्यांच्यासमोरून आत जाते आणि ताईच्या उजव्या बाजूला बसते.