मी न फाडलेलं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिच्याजवळ मी आयुष्यभर मन मोकळं करत आले त्या मैत्रिणीलाही नाही. आता तुम्हाला सांगते आहे — पण आधीच बजावते. मध्येच ‘अहो, तुम्ही तेव्हा लहान होतात’ असं म्हणायचं नाही. ते वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्याचा चोथा झालाय.

निवृत्तीनंतर हिंगोलीतल्या आम्ही चार-पाच शिक्षकांनी एक काम अंगावर घेतलं. जिल्ह्यातल्या ज्या घरातली माणसं लढाईवर गेली, त्या घरी जायचं. त्यांचे फोटो, त्यांची पत्रं तिथंच ओसरीवर बसून स्कॅन करायची आणि मूळ कागद घरच्यांच्या हातात परत द्यायचा. कागद कुणी घराबाहेर सोडत नाही. का सोडावा? बोलायचं काम माझ्याकडे, कारण माझी जीभ चालते. घरोघर मी एकच सांगते — एकही कागद मागे ठेवू नका, लाजू नका, अक्षर वाईट असू द्या, भांडण असू द्या, सगळं दाखवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि ते सांगताना माझा आवाज कधी कापला नाही, हेही लिहून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात एका तांड्यावर गेलो होतो. तिथल्या म्हातारीचा नवरा लढाईत पाय गमावून परत आला होता, पुढे खूप वर्षांनी वारला. तिच्या डब्यात एक पत्र असं निघालं की त्यात त्यानं तिला नाही नाही ते लिहिलं होतं, चारित्र्यावर संशय घेतला होता. नातू म्हणाला, हे राहू द्या मॅडम. मीही मान हलवली. तर म्हातारी उसळली. “काहून राहू द्या? त्यानं लिवलं ना? मंग घ्या. चांगलं तेवढं त्याचं, अन् हे काय शेजाऱ्याचं हाय?”

ते पत्र आम्ही स्कॅन केलं. परत येताना गाडीत सगळे तिचं कौतुक करत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मला तिचा राग आला होता — खरंच राग आला होता. न शिकलेल्या बाईला जे जमलं ते मला छत्तीस वर्षं मास्तरकी करून जमलं नव्हतं.

कारण आमच्याही घरातली पत्रं त्या संग्रहात आहेत. माझ्या भावाची, उत्तमदादाची. तो एकाहत्तरच्या लढाईत गेला. आमच्या गावी, साखऱ्याच्या घरात त्याचा वर्दीतला एकच फोटो आहे, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. आणि पत्रं आहेत. ती सगळी मीच स्कॅनरखाली धरली, आणि त्यातल्या एकाखाली माझ्याच हातानं लिहिलं : ‘हे त्याचं शेवटचं पत्र.’

ते शेवटचं नव्हतं.

थांबा, सरळ सांगता येत नाही मला, थोडं मागून यावं लागेल.

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. मी सातवीत होते, तेरा वर्षांची. माय-बा अंगठेबहाद्दर, आणि दादाची बायको, गयावहिनी, तिनंही शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. दादाचं पत्र आलं की अंगणात सगळ्यांनी बसायचं आणि मी खड्या आवाजात वाचायचं. वाचून झालं की वहिनी ते भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ओवून ठेवायची. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, पण नवऱ्याचा सहवास म्हणाल तर दोन सुट्ट्यांचा. लेकरू नव्हतं. मायला दम्यानं धरलं होतं, तेव्हा पाणी, दळण, चुली, वेचणी, खुरपणी सगळं तिच्या अंगावर. आणि मी? मी दप्तर घेऊन शाळेत. हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळं इथंच आहे.

लढाई लागली आणि तार आली. दादा गेला. घराचं काय झालं ते मी सांगत बसत नाही, तुम्हाला कळतं.

तारेनंतर बारा-पंधरा दिवसांनी पोस्टमननं मला शाळेच्या वाटेवर गाठलं आणि एक पत्र हातात दिलं. मान खाली घालून सायकलवर बसला. पत्र दादाचं होतं. त्यानं ते आधी टाकलेलं, आणि ते त्याच्या मागून आलं. मी कापसाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून एकटीनं वाचलं. पाठ आहे मला. त्यात बाला लिहिलं होतं — ‘माझं काही बरंवाईट झालं तर गयाला घरात अडकवून ठेवू नका. ती लहान आहे. तुम्ही स्वतः उभे राहून तिचा पाट लावून द्या, हा माझा शब्द आहे. आणि शोभीची शाळा बंद करू नका.’

शोभी म्हणजे मी.

दोन्ही एकाच पत्रात! त्याचा दोघींवर जीव होता आणि दूर तिकडे बसून त्याला वाटलं की दोन्ही होईल. मला मात्र घरातलं ठाऊक होतं. वहिनी पाट लावून दुसऱ्या घरी गेली की दुसऱ्या दिवशी तिची घागर माझ्या डोक्यावर आणि वर्षभरात माझ्या अंगाला हळद. बा वाईट नव्हता हो, पण घर कुणी चालवायचं? तेरा वर्षांच्या मुलीला एवढा हिशोब येतो. मला आला. मी रडत रडत तो केला, पण बरोबर केला.

घरी आले तर मायनं माझ्या हातातला कागद पाहिला. दादाचं पत्र आलंय, एवढंच मी म्हणाले. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. तुम्हाला आपली रीत माहीत आहे — कुणी गेल्याचं कार्ड आलं की वाचायचं आणि फाडायचं, घरात ठेवायचं नाही. मायनं ती रीत दादाच्या पत्रालाही लावली. मेलेल्या माणसाचा कागद, तो घरात नको. “वाचू नको माय, मला ऐकवत न्हाई. फाडून टाक.”

मी मागच्या अंगणात गेले. वहीची दोन पानं टराटरा फाडली, आवाज घरात जाईल इतक्या जोरानं, आणि तुकडे उकिरड्यावर टाकले. दादाचं पत्र पोलक्यात होतं.

संध्याकाळी वहिनी चुलीपुढं बसली होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “शोभे, काय व्हतं गं त्यात?”

“नेहमीचंच. खुशाली.”

“माझं काही?”

“न्हाई.”

हे ते. एवढंच. एक शब्द. किती घरांत किती खोटं बोललं जातं, त्यात हा एक शब्द म्हणजे काय, असं वाटेल तुम्हाला. तिनं भाकर तव्यावर टाकली आणि मला वाढली, आणि मी जेवले.

आता लहानपणाचं. त्या दिवशी मी लहान होते, मान्य. पण वर्षाच्या आत वारंगा फाट्याकडून एक स्थळ आलं. माणसाची बायको बाळंतपणात गेलेली, फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल. बरी माणसं होती. आमच्यात पाट लागतो, त्यात कमीपणा नाही, पण सासरच्यांनी मोकळं केल्याशिवाय सून हलत नाही. वहिनी दाराआड उभी होती. तिनं त्या दिवशी केस नीट विंचरले होते, ते मला दिसलं. बा म्हणाला, “पोरानं एक शब्द लिवून ठेवला असता तर म्या आडवा आलो नसतो. त्याच्या मनातलं मला काय ठावं?” सरकारकडून तिला मिळणारं पेन्शन घरात यायचं, ते बाच्या मनात असेल-नसेल. पण त्यानं जे मागितलं ते माझ्या दप्तरात होतं, आणि मी पाहुण्यांना पाणी देत होते. माणसं उठून गेली.

मग मी चौदाची झाले, वीसची झाले, चाळीसची झाले. कोणत्या वर्षापर्यंत लहान धरायचं सांगा ना? सेनगावच्या शाळेत गेले, हिंगोलीला डी.एड. केलं, नोकरी लागली. दरवेळी निघताना वहिनी माझ्या पिशवीत भाकरी-ठेचा बांधायची. ते पत्र मी माझ्या टी.सी.च्या मागे, सर्टिफिकिटांच्या फायलीत ठेवलं. जागा अगदी योग्य होती, त्याच्याच जोरावर तर बाकीचे कागद मिळाले. पुढे कळमनुरी तालुक्यात बदली झाली तेव्हा एसटी रोज वारंगा फाट्यावर थांबायची. त्या माणसाची दुसरी बायको गल्ल्यावर बसलेली दिसायची, पोरं बाकांवर अभ्यास करायची. मी खाली उतरून चहासुद्धा कधी प्यायले नाही.

प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले तेव्हा वहिनीला अक्षरओळख मीच करून दिली. हौसेनं शिकली. वाचता यायला लागल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल? दादाची पत्रं काढली आणि बोट ठेवून एकेक वाचली. ती पत्रं वाळवीपासून, गळत्या पत्र्यापासून तिनंच वाचवलेली, पेटीत कडुनिंबाचा पाला घालघालून. सगळी वाचून झाल्यावर म्हणाली, “तू बराबर वाचून दाखवत होतीस गं, एक अक्षर इकडचं तिकडं न्हाई.” तेव्हा तरी मी बोलावं की नाही? नाही बोलले.

आणि दर पंधरा ऑगस्टला गाव तिला स्टेजवर बोलावतं. शाल, नारळ. मग कुणीतरी माइक धरून सांगतं की या माउलीनं दुसरा संसार मांडला नाही, हुतात्म्याच्या आठवणीवर जन्म काढला, केवढा हा त्याग! वहिनी खाली बघत बसते. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत, पहिल्या रांगेत बसून. कसला त्याग? तिला विचारलं होतं का कुणी? ते माझं चोरून घेणं होतं, आणि तुम्ही त्याला तिचा त्याग म्हणून हार घालता. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो लोकांवर होतो याचीही मला चीड येते.

तुम्ही आता वाट बघत असाल की मी म्हणेन, पुन्हा तशी वेळ आली तर मी पत्र वाचून दाखवीन. नाही म्हणणार. कशावरून? मला शाळा हवी होती. इतकी हवी होती की त्यासाठी मी एक माणूस दिलं, आणि ते माझं नव्हतं. माझ्या हाताखालून शेकडो मुली शिकून गेल्या, ते मी इथं दुसऱ्या पारड्यात टाकणार नाही. त्या मुलींचा वहिनीशी काय संबंध?

तांड्यावरची ती म्हातारी मात्र डोक्यातून जाईना. गेल्या आठवड्यात मी फाईल उघडली, पत्र घेतलं आणि साखऱ्याला गेले. वहिनी अंगणात तुरी पाखडत होती. ती आता सत्तरीच्या पुढं आहे, चष्मा लावते. मी काही प्रस्तावना केली नाही. पत्र तिच्या हातात दिलं आणि सांगितलं — दादाचं आहे, तारेच्या नंतर आलं होतं, मी फाडलं नव्हतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. बोट ठेवून वाचलं, ओठ हलवत. एके ठिकाणी बोट थांबलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. कोंबड्या तुरीत शिरल्या, तिनं हाकलल्या नाहीत.

“तवा म्या किती वर्साची व्हते गं?”

“एकोणीस.”

“व्हय,” ती म्हणाली. “एकोणीस.”

तिनं पत्राची जुन्या घड्यांवरच घडी घातली आणि आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवली. त्याचं स्कॅन आमच्याकडे नाही आणि होणार नाही, ते पत्र तिचं आहे. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या द्यायला हव्या होत्या, दिल्या नाहीत. रडली नाही. सूप पुन्हा हातात घेतलं.

“तू जाय आता,” म्हणाली.

मी उठले. मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती तर तीही तिनंच मला द्यायची, आणि मी तिच्याकडून आता आणखी काही घेणार नाही.